जॅकची पाठ

सीटी स्कॅनच्या खोलीत पेशंट उचलून टेबलावर ठेवणाऱ्या मामांना सगळे जॅक म्हणत. गाडीचं चाक बदलताना खाली लावतात, तो जॅक. नाव ठेवणारा केव्हाच नोकरी सोडून गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पेशंट पैलवान असो की काडीपैलवान, मामांचे हात खाली गेले की तो वर आलाच म्हणून समजा.

मामांची स्वतःची कंबर मात्र कधीच कामातून गेली होती. हे एकट्या बायकोला ठाऊक. सकाळी त्यांचे मोजे तीच चढवायची, आणि शर्टाच्या आतला पोलादी पट्ट्यांचा कमरपट्टाही तीच आवळायची.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," ती रोज म्हणायची. "दिवसभर त्या मशीनपाशी उभे राहता. एकदा आडवे व्हा की त्यात!"

"आणि मग?" मामा विचारायचे, आणि तिथंच बोलणं संपायचं.

कारण मग काय होतं, ते दोघांनी पाहिलं होतं. मामांच्या आधी हे काम करणाऱ्या माणसाची पाठ गेली, तेव्हा साहेबांनी मोठ्या मनानं त्याला पार्किंगपाशी स्टुलावर बसवलं. सगळा मजला हसवणारा गडी. आता लोक त्याला गाडी कुठं लावू एवढंच विचारत. दुखण्याची मामांना सवय झाली होती. त्या स्टुलाची झाली नसती.

अशात मशीनला नवी सोय आली. मणक्यांच्या मधल्या गाद्या आता रंगात दिसणार होत्या. चांगली गादी निळी, झिजत गेली की पिवळी. आधी हाड ठसठशीत दिसायचं आणि गादीचं नुसतं धुकं, म्हणून डॉक्टरीणबाई हरखल्या होत्या. रंग बरोबर उमटतात का, हे जुळवून बघायला त्यांना एक धडधाकट पाठ हवी होती. परवानगी वगैरे सगळं रीतसर होतं. अडलं होतं ते पाठीवाचून. डॉक्टर लोक खुर्चीत बसून वाकलेले, टेक्निशियनची मान धरलेली.

"अहो, आपले जॅकमामा आहेत की!" टेक्निशियन म्हणाला. "ती पाठ नव्हे, खांब आहे खांब."

सगळ्यांना पटलं. शहाण्यासुरत्या माणसांनी भरलेल्या त्या खोलीत एकाच्याही मनात आलं नाही, की रोज एवढं वजन वाहणारी पाठ शाबूत कशी राहील? आणि मामा? नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी हसून मान डोलावली आणि कपडे बदलायला गेले.

तिथं त्यांनी कमरपट्ट्याला हात घातला आणि तसाच मागे घेतला. धातू आत चालत नाही, हे तर ते स्वतः रोज पेशंटना बजावायचे. पण पट्टा काढून सपाट झोपायचं म्हणजे तोंडातून आवाज फुटणार, याचीही खात्री होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी देवावर हवाला ठेवून ते पट्ट्यासकट आडवे झाले.

पहिल्याच चित्रात पोलादी पट्ट्या लख्ख उमटल्या.

टेक्निशियन हसत आत आला. "मामा, चिलखत घालून आलात की काय?" त्यानं गाऊन बाजूला सारला आणि त्याचं हसू थांबलं. पट्ट्याच्या कडांनी कातडीवर काळे वळ पडले होते. त्यानं पट्टा सोडला. मामांनी दात आवळले.

दुसऱ्यांदा टेबल आत गेलं, बाहेर आलं. एरवी माइकवरून बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई या वेळी स्वतः आल्या. खालच्या गाद्या पार पिवळ्या होत्या, आणि सगळ्यात खालची तर जवळजवळ उरलीच नव्हती.

"किती दिवस दुखतंय, मामा?"

"दुखत नव्हतं ते दिवस आठवत नाहीत, मॅडम."

बाई हळूच म्हणाल्या, "उद्यापासून उचलणं बंद. मी लिहून देते."

कुणाला सांगू नका म्हणून हात जोडायचे, मुलाबाळांची शपथ घालायची, हे सगळं मामांनी कित्येक वर्षं मनात घोकून ठेवलं होतं. आता त्यातलं एक वाक्य ओठांवर येईना. वाईट वाटलं, आणि त्याच्या खाली लाज वाटण्याइतकं हायसं वाटलं. थकलो, एवढंच खरं होतं.

"उठा मामा, पेशंट खोळंबलेत," टेक्निशियन सवयीनं बोलून गेला.

"मला नाही उठवत," मामा म्हणाले. "उचला."

दोघांनी दोन्ही बाजूंनी हात घातले. मामांनी डोळे मिटले आणि सगळा भार त्यांच्यावर टाकून दिला. मदत म्हणून कोपरही टेकवलं नाही.