सासऱ्यांच्या नावाची मुदत

साइट उघडेना, तेव्हा मी दोष टेलिफोनच्या लाइनीला दिला. जव्हारात काहीही बंद पडलं की आम्ही लाइनीलाच धरतो. ती मुकाट्याने ऐकून घेते. पावसाळा सरेपर्यंत मी "लाइन आली की बघू" म्हणत राहिलो. साइटच्या नावाची मुदत संपलेली असू शकते, हे शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नाही.

ती साइट माझ्या सासऱ्यांची. मोखाड्याकडचे ते, बोहाड्याच्या उत्सवात नाचणारी सोंगं जे मुखवटे घालतात, ते बनवायचे. बाहेरगावच्या लोकांना पत्ता कळावा म्हणून मी त्यांच्या नावाने एक पान केलं होतं. वर त्यांचा फोटो: मांडीवर अर्धा रंगवलेला मुखवटा, आणि स्वतः खळखळून हसताहेत. पुढे सासरे गेले. घरातल्या मूळ फोटोला वाळवी लागली. बायकोकडे वडिलांचा हसरा चेहरा उरला तो त्या पानावरच.

आठवडी बाजाराच्या दिवशी ती विचारायची, "बाबा दिसले का?"

"लाइन नाही."

"लाइन नाही की तुम्हाला येत नाही?"

शेवटी नाशिकच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, नाव भाड्याचं असतं. मुदत भरली की थोडे दिवस तुझ्यासाठी राखून ठेवतात. मग सोडून देतात. कोणीही उचलतं." पैसे भरा म्हणून पत्रं आली असणारच, असंही तो म्हणाला. आली असतीलही. पण ई-मेलची ती पेटी मी त्याच नावावर उघडली होती. नावाबरोबर तीही मिटली. घराची किल्ली घरात ठेवून कुलूप लावणारा माणूस मीच.

दिवाळीनंतर एका दुपारी बायकोला घेऊन सायबर कॅफेत गेलो. नाव टाकलं आणि सासरे आले.

तेच पान. तोच फोटो. माझ्या इंग्रजीतल्या चुकासुद्धा जागच्या जागी. बायकोने तोंडाला पदर लावला. मी म्हणणारच होतो, बघ, लाइनच होती. तेवढ्यात खाली नजर गेली. मुखवट्यांच्या जागी कर्जाच्या जाहिराती आणि वजन कमी करायच्या गोळ्या. नाव उचलणाऱ्याने जुनं पानही कुठूनतरी उचलून परत मांडलं होतं. सासरे हसून गोळ्या विकत होते.

पानावर ई-मेलचा पत्ता पूर्वीचाच, सासऱ्यांच्या नावाचा होता. मी लिहिलं, "हा फोटो आमच्या वडिलांचा आहे. कृपया काढा." पाठवलं. चहा यायच्या आत उत्तर हजर. इंग्रजीत होतं, पण अर्थ एवढाच: निरोप मिळाला, काय हवं ते सांगा. खाली सही सासऱ्यांच्या नावाची.

"कोण आहे?" बायकोने विचारलं.

"मशीन असेल. आपोआप जातं उत्तर."

म्हटलं खरं, पण मान वर करून त्या फोटोकडे बघवेना. बोहाड्यात सोंग कितीही उग्र असो, आम्ही खाली बघतो. पायांवरून, चालीवरून आतला माणूस कळतो: हा अमक्याचा थोरला, हा तमक्याचा जावई. मग भीती जाते. फोटो मांडीपर्यंतचाच होता. पाय नव्हतेच.

कॅफेवाल्याला म्हटलं, फक्त चेहरा छापून दे. कागद ओलसर निघाला, रंग जरा निळसर. पण हसणं त्यांचंच. बायकोने तो फुंकर घालून वाळवला आणि पिशवीत उभा ठेवला. मी परत खुर्चीत बसलो. म्हटलं, या वेळी जरा कडक शब्दांत लिहितो.

तिने माझा हात माउसवरून उचलला.

"राहू द्या," ती हळू म्हणाली. "बाबा आले आपल्याकडे. तिथे आता जे कोणी हसतंय, त्याला आपला पत्ता कळायला नको."