तारवाल्याने म्हातारा ठरवलेला फोन

दोन दिवस कोरडा वारा सुटला होता. रक्त तपासायच्या लॅबची काच सकाळी पुसावी, तर दुपारपर्यंत पुन्हा आंधळी. तारवाला आल्या आल्या टोकनच्या यंत्रावरची धूळ फुंकायचा, प्रिंटरला जागं करायचा आणि कोपऱ्यातल्या सर्व्हरच्या पेटीवर तळहात ठेवायचा, कुणाचा ताप बघावा तसा.

वायरी ओढण्यापासून सुरुवात केलेला माणूस. खांद्यावरचं वेटोळं गेलं, नाव तेवढं चिकटून राहिलं. बाकीचं सगळं तो बघून बघून शिकला होता, म्हणून की काय, कुणी चूक दाखवली की त्याची मान आधी ताठ व्हायची. बायको म्हणायची, यांचं कधी चुकत नाही, जगच बिघडलेलं असतं.

पंधरवड्यापूर्वी लॅबच्या वेबसाइटच्या सर्टिफिकेटची मुदत संपली. ही साइट खरोखर लॅबचीच आहे, अशी ग्वाही देणारा तो डिजिटल दाखला. त्याने नवं सर्टिफिकेट बसवलं, आपल्या कॉम्प्युटरवर साइट उघडून पाहिली, काही तक्रार दिसली नाही, आणि चहाला गेला.

दुसऱ्याच दिवशी शिवणवाल्या मावशींचा फोन. त्यांच्या यजमानांचं रक्त दर आठवड्याला तपासलं जाई आणि रिपोर्ट पाहून डॉक्टर गोळी कमी-जास्त करत. रिपोर्ट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही असं काहीतरी येतंय, असं मावशी सांगत होत्या. तारवाल्याने साधं तपासूनही पाहिलं नाही.

"इथे झकास चालतंय, मावशी. तुमचा फोन म्हातारा झालाय. त्याला आता पेन्शनीत काढा."

त्या आठवड्यात आणखी चौघांनी विचारलं. चौघांच्याही फोनांना त्याने असंच म्हातारपण वाटून दिलं.

आज मावशी त्याच्याच टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. रिपोर्टचा कागद न्यायला दुखऱ्या गुडघ्याने दोनदा चालत आल्या होत्या, हेही त्याला आताच कळलं. त्यांनी पिशवीतून फोन काढून पुढे ठेवला. कोरा करकरीत, काचेवरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता. आणि त्यावर तोच इशारा.

"जुना दुकानात देऊन हा आणला. हा तर तान्हा आहे ना? मग याला काय झालं?"

तारवाल्याने फोन हातात घेऊन इशारा स्वतः वाचला. त्याने सर्टिफिकेटची फाइल उघडली. कंपनीने दोन तुकडे पाठवले होते. एक लॅबचा, दुसरा त्यावर सही करणाऱ्याची ओळख पटवणारा. त्याने पहिलाच डकवला होता. दुसरा तुकडा त्याच्या कॉम्प्युटरने मागे कुठेतरी पाहून जपून ठेवलेला, म्हणून तिथे उणीव दिसलीच नाही. फोन बिचारे खरं बोलत होते. त्याने दुसरा तुकडा पहिल्याखाली जोडला, सर्व्हर पुन्हा चालू केला. काम दोन मिनिटांचं. रिपोर्ट उघडला.

मावशींचा चेहरा खुलला. हाताला गुण आहे हो तुझ्या, म्हणाल्या. मग सहज सांगितलं, की जुन्या फोनात सगळ्या गिऱ्हाइकांची मापं होती, दुकानदाराने पुसून टाकली. आता टेप घेऊन एकेकाच्या दारी जाते आहे.

तो गप्प बसला असता तर त्यांना कधीच कळलं नसतं. ते कौतुक मात्र त्याला गिळवेना.

"मावशी, तुमचा फोन चांगला होता. चूक माझी. मी बघितलंच नाही."

मावशींनी नवा फोन उचलून पिशवीत ठेवला.

"सून म्हणत होती, लॅबचंच काहीतरी असेल. मी तिला म्हटलं, तो शिकलेला मुलगा आहे, तुला काय कळतंय? आता तिच्यापुढे मान मला खाली घालायचीय."

मावशींनी पिशवीतून टेप काढला. लॅबचे कोट त्याच शिवत, त्याच्याही कोटाचं माप त्या फोनात गेलं होतं.

"हात वर कर. पोट सुटलंय तुझं," एवढंच म्हणाल्या आणि आकडे पिशवीतल्या जुन्या रिपोर्टच्या मागे लिहून निघाल्या. काचेपलीकडे धुळीत त्या लंगडत गेल्या, तो वळणापर्यंत बघत राहिला.

मग त्याने उरलेल्या चौघांचे नंबर शोधले. पहिला लागला नाही. दुसरा लावणार, तेवढ्यात बाहेरून हाक आली, टोकनचं यंत्र बंद पडलं होतं. कागदाचा रोल संपला होता. नंबरांची चिठ्ठी खिशात घालून तो नवा रोल आणायला उठला.