थोरल्या चुलत्याचं नाव

इंदापुरात मी लग्नात वाटायच्या छापील पिशव्यांच्या ऑर्डरी घ्यायचो. बारामतीचा छापखानेवाला त्या छापून थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा. गठ्ठ्यात स्वतःचं कार्ड सारून त्यानं बावडा गावातलं माझं जुनं गिऱ्हाईक फोडलं. वर त्याच घरच्या लग्नाचा मजकूर घेऊन निर्लज्जासारखा मला विचारायला आला, "नावं बराबर हायत का?"

मजकुरात नवरदेवाच्या थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्याच्या खाली होतं. त्या घरात थोरल्याआधी कुणाला ताटही वाढत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"बराबर हायत," मी म्हणालो.

थोरल्यानं टेम्पोतनं एकही पिशवी उतरू दिली नाही. छापखानेवाला तसाच भरल्या टेम्पोनं माझ्या दारात आला. "म्हाईत असून सांगितलं न्हाय?"

"नावं तपासायचं काम माझं होतं," मी म्हणालो. "गिऱ्हाइकासंगं ते बी तुमीच घेतलं."