कादंबरीतला हरवलेला भाऊ

बारा ते सोळा या वयाच्या मुलांसाठी, असं पहिल्या पानावर छापलेल्या तीन कादंबऱ्या मी गेल्या उन्हाळ्यात वाचल्या. माझं वय पंचेचाळीस, मिशी निम्मी पांढरी. तिन्ही पुस्तकांनी मला फसवलं. फसवायचं पोरांना असेल, मी मोठा माणूस उगीच मध्ये तडमडलो असेन. पण लागायचं ते लागलंच.

मी साखर कारखान्याच्या काट्यावर कारकून आहे. उसाच्या गाड्यांचं वजन लिहायचं आणि गाडीवानांच्या शिव्या ऐकायच्या. त्या साली कालव्याला पाणी कमी, म्हणून ऊस कमी, म्हणून गाळप लवकर आटोपलं आणि मी घरी बसलो. लग्न केलेलं नाही. का, ते मला विचारू नये. मलाही कुणी सांगितलेलं नाही. थोरले बंधू शेती बघतात, वहिनी घर बघतात आणि मी पोरांना गोष्टी सांगतो, अशी आमच्यात कामाची वाटणी आहे. या वाटणीत कुणाच्या अंगाला चिखल लागत नाही, हे गावाला बरोबर ठाऊक आहे.

माझी पुतणी त्याच उन्हाळ्यात सातवी पास झाली. आमच्या गावची शाळा तिथंच संपते. पुढं शिकायचं तर कोपरगावला, तिच्या आत्याकडं राहून. तिला जायचं होतं. ती तसं बोलत नव्हती, पण दप्तर धुऊन, वाळवून खुंटीला अडकवलं होतं, आणि घरात कुणी त्यात लसूण ठेवायला गेलं तर ती काढून घ्यायची.

दादाचं म्हणणं एकच. “हिच्या आईला दमा. ही गेल्यावर भाकऱ्या कोन थापनार? तू?”

मला भाकरी येत नाही. पण मनात म्हटलं, दादाशी वाद घालण्यात अर्थ नाही, दादाला गोष्ट ऐकवावी. कारखान्याच्या कामगारांसाठी एक वाचनालय आहे, तिथं कुमारांच्या कादंबऱ्यांचा नवा गठ्ठा आला होता. त्यातल्या एका पुस्तकावर दप्तर घेऊन पांदीनं निघालेली परकरातली पोरगी होती. वाचनालय सांभाळणारे म्हणाले, “मुलीच्या शिक्षणाची आहे. फार हृद्य.” मी ताबडतोब घेतली. सोबत आणखी दोन घेतल्या. बेत असा, की आधी या दोहोंनी दादाला चटक लावायची आणि शाळा उघडायच्या तोंडाला तिसरी बाहेर काढायची.

घरात कादंबरी वाचायची म्हटल्यावर दादानं अट घातली. आमच्या घरात मोठ्यानं वाचायची चाल ती श्रावणातल्या पोथीची. वाचणारा मीच. हातपाय धुऊन बसायचं, पोथी चौरंगावर, अध्याय अर्ध्यात सोडायचा नाही, आणि शेवटची फलश्रुती झाली की गूळखोबरं वाटायचं.

“वाचायची तर पोथीसारखी वाच,” दादा म्हणाला. “मधलं गाळायचं न्हाई. पुढचं आधी बघायचं न्हाई. तुला लई खोड हाय, बारका असल्यापास्नं ताटातलं गोड आधी खायाची.”

मी कबूल झालो. खरं तर खूषच झालो. कादंबरीला चौरंग मिळतोय, आणि चौरंगावरून जे निघतं ते आमचा दादा मानतो. आणखी काय पाहिजे?

तेव्हा दुपारी सगळे ओसरीवर बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचे. वहिनींना टरफलाचा धुरळा सोसत नाही, म्हणून त्या आत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी. थोरला पुतण्या कोपरगावला शिकून, मॅट्रिकला आपटून घरीच होता. तो एक दाणा सुपात टाकी आणि दोन तोंडात. दादा घोंगडीवर आडवा. पुतणी माझ्या खांद्यापाशी, डोळे पुस्तकात. ओळ सोडली तर तिला आधी कळायचं.

पहिली कादंबरी समुद्रकाठची. चार पोरं सुट्टीत आजोळी जातात आणि चोरांचा खजिना शोधून काढतात. माझं मत विचाराल तर पहिली दहा पानं झकास. पुढं मात्र ती पोरं पानापानाला काही ना काही खातातच. समुद्र राहिला बाजूला, आमच्या ओसरीवर सगळ्यांना भूक लागायची. शेवटी खजिना सरकारजमा होतो आणि पोरांना फौजदारसाहेब पेढे देतात.

“पेढे?” दादा उठून बसला. “आन खजिना?”

“सरकारात.”

“आन पोरांच्या आईबापाला हे पटलं?”

“त्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले, असं लिहिलंय.”

“येतील न्हाई तर काय,” वहिनी आतून म्हणाल्या. “पेढं बघून येतातच.”

दुसरी कादंबरी एका मुलाची, जो यानात बसून चंद्रावर जातो. माणूस खरोखरच चंद्रावर जाऊन आल्याला फार काळ झाला नव्हता, त्यामुळं ही सगळ्यांना पटली. दादा तर इतका रंगला, की बांधावरच्या भांडणाची बोलणी करायला आलेल्या शेजाऱ्याला त्यानं “अध्याय व्हऊ द्या” म्हणून बसवून घेतलं. त्या मुलाचं यान बिघडतं, हवा संपत येते, तो दार उघडायला हात लांब करतो, आणि आई हाक मारते: ऊठ, शाळेला उशीर झाला. सगळं स्वप्न.

मग दादा माझ्याकडं असा बघायला लागला, जसा वजन कमी भरल्यावर गाडीवान बघतो.

“म्हंजे इतके दिवस आपन त्याच्या झोपंपायी बसलो?”

“दादा, मला काय माहीत? पुढचं आधी बघायचं नाही, ही अट तुझीच.”

“अरं, झोपायचं हुतं तर मीच झोपलो असतो की! मधी कशाला उठवलं?”

शेजारी बांधाचं न बोलताच निघून गेला. त्याच्या मते ज्या घरात असली फसवणूक चालते तिथं बांधाचा न्याय काय मिळणार?

मला मात्र मनातून बरं वाटत होतं. दादा चिडला, म्हणजे दादा अडकला. मी तिसरी काढली.

आणि काय सांगू, काय सुरेख कादंबरी! शेतकऱ्याची पोरगी. हुशार. घरात आई, बाप आणि एक थोरला भाऊ. शाळा लांब, वाटेत ओढा. पोरगी डोक्यावर दप्तर घेऊन ओढा ओलांडते, बाप आधी रागावतो, मग हळूहळू विरघळायला लागतो. मी वाचता वाचता चोरून दादाकडं बघे. दादाची कड बदललेली, तोंड माझ्याकडं. एकदा तर तो म्हणाला, “पोरगी हिमतीची हाय.” पुतणीनं त्या दिवशी शेंगा फोडता फोडता अंगठा लाल करून घेतला. मी मनात भाषण जुळवून ठेवलं. शेवटचं पान संपलं, की पुस्तक मिटायचं, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, “दादा, आता आपल्या पोरीचं बोल.” कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं ठरलं होतं.

शेवटच्या अध्यायाला सगळे वेळेवर बसले. वहिनींनी गूळखोबऱ्याचं ताट आधीच तयार ठेवलं होतं.

अध्यायाच्या सुरुवातीला त्या पोरीची आई आजारी पडली. मी म्हटलं, पडू दे, बरी होईल. मग वैद्य आला आणि मान हलवून गेला. पान उलटलं, आणि माझी नजर एकदम खाली गेली. काट्यावरच्या माणसाची नजर शेवटच्या आकड्यावर जाते, त्याला इलाज नाही. मी खोकलो. पाणी मागितलं. हळू वाचायला लागलो, जसं काही हळू वाचल्यानं तिथं दुसरंच काही उगवेल. ओळ बदलून वाचावी, असं मनात आलं नाही असं नाही. गोष्टी रचण्यात माझी हयात गेलीय. पण खांद्यापाशी पुतणी होती. ती माझ्यापुढं दोन ओळी होती.

वाचलं. ती पोरगी आपली पुस्तकं ट्रंकेत ठेवते, पदर खोचते, चुलीपुढं बसते. आईची सेवा हीच मोठी शाळा, अशा अर्थाचं एक वाक्य तिच्या तोंडी येतं, बाप तिच्या डोक्यावर हात ठेवतो, बाहेर सूर्य मावळतो. समाप्त.

त्या लेखकाला मी कधी पाहिलेलं नाही. पण त्या घडीला तो उसाची गाडी घेऊन माझ्या काट्यावर यावा, असं मला फार वाटलं.

दादानं उपरण्यानं डोळे पुसले. आमच्या वडलांच्या मागं मी त्याला डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. “शानी पोरगी,” तो म्हणाला. “शेवटाला शानी निगाली. झाली फलश्रुती. वाटा गूळखोबरं.”

माझं भाषण तोंडातल्या तोंडात राहिलं. चौरंगावर मीच बसवलेलं पुस्तक. त्याच्याविरुद्ध मी काय बोलणार?

वाटायचं काम घरातल्या लेकीचं. पुतणी उठली. ताट घेतलं. आधी वडलांना दिलं, मग मला. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. मग ती थोरल्या भावासमोर गेली. त्यानं हात पुढं केला, आणि ती ताट घेऊन तशीच उभी राहिली.

“नाना,” ती मला म्हणाली, “हिचा थोरला भाऊ कुठं गेला?”

“कुणाचा?”

“पुस्तकातलीचा. तिसऱ्या अध्यायात त्यानं सायकल घेतली. मग तो कुठं गेला?”

मी पानं चाळली. खरंच. तिसऱ्या अध्यायात तो नव्या सायकलवर बसून घंटी वाजवत बाजाराला जातो. तिथून पुढं त्याचा पत्ताच नाही. आई अंथरुणाला खिळली, वैद्य येऊन गेला, तरी तो बाजारातून आलेला नव्हता.

“आसंल कुठंतरी,” दादा म्हणाला.

“कुठं, आबा? औषध आनायला बी बापच गेला. पानी पोरीनंच भरलं. त्याला दोन हात हुते की. सायकलच्या दांड्यावर हुते.”

थोरल्या पुतण्यानं पुढं केलेला हात हळूच मागं घेतला.

तेवढ्यात उंबऱ्यापाशी हालचाल झाली. वहिनी धुरळ्यात बाहेर आल्या होत्या, पदर नाकाला लावून. दादापुढं त्या असं उभं राहून बोलत नाहीत.

“मला बी एक इचारायचं हाय, भावजी,” त्या म्हणाल्या. बोलत होत्या माझ्याशी, ऐकवत होत्या दुसऱ्यालाच. “त्या आजारी बाईला कुनी इचारलं का, तुला लेक चुलीपुढं पायजे का म्हनून? बघा बरं, कुठं लिहिलंय का.”

मी पुन्हा चाळलं. “नाही वहिनी. ती डोळे मिटून पडलीय.”

“पडलीय नव्हं? मंग तिच्या नावावर कशाला खपवता?” त्यांना धाप लागली, पण त्या थांबल्या नाहीत. “मी अजून डोळं मिटल्यालं न्हाईत. भाकरी माझा ल्योक थापंल. दाने खायाला हात चालत्यात त्याचं, पीठ मळायला का न्हाई चालनार?”

दादानं ढिगातली एक शेंग उचलून फोडली आणि दाणे सुपात टाकले. मला वाटलं, आता भडकणार. मी भाषणातलं पहिलं वाक्य आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही.

“मानूसच हरवलंय व्हय पोथीतलं?” तो शेवटी मला म्हणाला.

“हरवलंय.”

“म्हंजे पोथी अपुरी.”

“अपुरीच.”

“अपुऱ्या पोथीची फलश्रुती लागत न्हाई,” दादानं निकाल दिला आणि घोंगडी झटकली. “आन तू असली बाडं घरात आनू नकोस. पोरींचं नुसकान करशील एखांद्या दिवशी.”

जून लागल्यावर दादा स्वतः पुतणीला कोपरगावला सोडून आला. विहिरीवरच्या मोटारीच्या बेल्टचं काम होतं, म्हणून गेलो, असं सांगतो. माझ्या भाषणाची गरज कुणाला पडली नाही. पुढं गावात बोलणं झालं तेही असं, की पोरगी शिकायला गेली ती आईमुळं, चुलत्यानं तर खोडा घालणारं पुस्तक आणलं होतं.

पुतण्याच्या भाकऱ्या सुरुवातीला जिल्ह्याच्या नकाशासारख्या व्हायच्या. आता निदान तालुक्यासारख्या होतात.

परवा शनिवारी पुतणी घरी आली. मी वाचनालयातून नवी कादंबरी आणून ठेवली होती, एका बैलाची. नियमाप्रमाणं एक पानसुद्धा उघडलं नव्हतं. हातपाय धुतले, चौरंग मांडला. दादा आपण होऊन घोंगडीवर येऊन पडला. पुतणीनं जाता जाता पुस्तकाकडं पाहिलं.

“ही व्हय? ही झाली माझी. शाळेत लई पुस्तकं हायेत, नाना.” आणि स्वयंपाकघरात शिरण्याआधी माझ्या कानाशी पुटपुटली, “बैल मरतो शेवटी.”

मी वाचायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर बैल शेपूट उंचावून रानभर उधळत होता. मला ते बघवेना. मी पुस्तक मिटलं.

“का थांबलास?” दादा म्हणाला. “वाच की.”

“बैल मरतो, दादा.”

दादा कोपरावर उठला. चंद्रावरून खाली पडल्यावर दिसला होता, तसाच चेहरा.

“अरं पन ते मला कशाला सांगितलंस?”