शेवटच्या पानापासून

ये, सरक जवळ. समोर नाहीस, कागदावरच बोलावतेय, तरी सरक. आणि काय गं, नानीच्या हातात कॉमिक टेकवून नागापूरला कामावर पळालीस ती पळालीसच? फोन केला की "नानी, मीटिंगमध्ये आहे." चित्रं देऊन गप बसवायला मी काय तान्ही हाय?

पण बरं केलंस. एकदा बोलता बोलता सांगितलेलं ध्यानात ठेवून शोधून आणलंस. त्या कॉमिकमधले ते पाच जण मी बघताक्षणी ओळखले. लहानपणी शेवगावला अब्बांच्या मसाल्याच्या दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, त्यात त्यांचंच एक इंग्रजी कॉमिक आलं होतं. मला तेव्हा फक्त मदरशातली अक्षरं यायची. मराठी मी पुढं पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकले. मदरशातलं पुस्तक उजवीकडून उघडतं. म्हणून हेही मी तसंच वाचलं, शेवटच्या पानापासून.

माझ्या वाचनात गोष्ट अशी होती. जमिनीवर एक सावली पडलेली, ज्याची सावली ते माणूस मात्र कुठंच नाही. मग सावली उठते, तिच्यातून त्या पाचांतली वेणीवाली पोरगी बाहेर येते. धूर खाली उतरून आगीत शिरतो, आग विझते, ढासळलेल्या भिंतीच्या विटा आपापल्या जागी जाऊन बसतात. शेवटी पाचही जण पाच वाटांनी घरी जातात, एकमेकांची ओळख नसल्यासारखे. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

त्याच वर्षी माझी धाकटी बहीण, म्हणजे तुझी सख्खी नानी, तापानं पडली. डॉक्टरांनी अब्बांना बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. त्यानंतर अम्मी चुलीपाशी बसून राहायची, चूल मात्र पेटवायची नाही. मी दुपारभर धाकटीच्या उशाशी तेच पुस्तक सांगायची. सावलीपाशी आले की ती डोळे न उघडता विचारायची, "उठली का?"

"उठली."

"मग पुढचं पान."

एका दुपारी खिडकीतून ऊन आत आलं होतं, तिची सावली भिंतीवर पडली होती. मानायचं तर मान, बेटा. आधी भिंतीवरची सावली उठून बसली. धाकटी अजून आडवीच होती. मग ती उठली आणि म्हणाली, "भूक लागली." हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही.

आता तुझं हे नवं पुस्तक. आमची हाडं वाजायला लागली, त्या पोरीची वेणी मात्र तशीच. तू बोट ठेवून शिकवलंस, "नानी, डावीकडून. उलटं काय वाचतेस!" तू गेल्यावर मी शहाण्यासारखी डावीकडून वाचत गेले. शेवटच्या पानाच्या अलीकडं ती पोरगी कोसळते. मी तिथं पोचले आणि कोल्हारहून तुझ्या आईचा फोन आला. "खाला, अम्मी मोरीत पडली." तिची अम्मी, म्हणजे माझी धाकटी.

पुस्तक मिटलं ते मिटलं. शेवटचं पान मी अजून पाहिलेलं नाही. त्यावर काय पडलेलं असेल ते मला ठाऊक हाय.

तुझी आई म्हणते, हाड बसवलंय, पण अम्मी खात नाही, बोलत नाही, भिंतीकडं तोंड करून असते. मधूनच एवढंच विचारते, "उठली का?" तुम्हाला वाटतं दारातल्या शेळीचं विचारतेय. काल तुझ्या आईनं "व्हय अम्मी, उठली, चारा खातीय" असंही सांगून पाहिलं म्हणे. मला हसू आलं आणि अंगावर काटाही. त्या प्रश्नाचं उत्तर तिला माझ्याकडून हवंय, तेही पुस्तक उघडून.

तर ऐक. दोन एसट्या बदलत कोल्हार गाठणं माझ्या गुडघ्यांना जमायचं नाही. पुस्तक मी फडक्यात बांधून ठेवलंय, मागचं पान वर करून. दुपारी पोचू असं निघायचं, भिंतीवर ऊन असायला हवं. सुट्टीची वाट बघू नकोस गं. गाडी घेऊन लवकर ये.