देवीपुढे सोडलेले पाणी

माझे यजमान वारल्यानंतर वर्षभर मी देवाशी बोलणे बंद केले होते. ते परतवाड्याच्या शाळेत मास्तर होते. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि त्यातच ते गेले. त्यांच्या आजारात मी अमरावतीच्या अंबेला जे जे बोलले होते ते सगळे पाळले. उपास, दिवा, प्रदक्षिणा, काही चुकवले नाही. तिने मात्र काही पाळले नाही. असे लिहिणे पाप असेल, पण तेव्हा मला तसेच वाटत होते.

मला अकोटला सासरी आणले. मामंजींची भिक्षुकी होती. रीतीप्रमाणे माझे केस उतरवले आणि माजघरामागची खोली दिली. त्या खोलीत विचार करायला तेवढी बंदी नव्हती. यजमानांनी मला लिहायला-वाचायला शिकवले होते आणि परतवाड्याला मी शेजारच्या मुलींना पडवीत बसवून अक्षरे शिकवत असे. आता मला यजमानांची आठवण येई, पण त्या मुलींची त्याहून जास्त येई. हे लक्षात आले तेव्हा मी घाबरले. पुष्कळ दिवस मी हे स्वतःपाशीही कबूल केले नाही. कबूल केल्यावर मात्र ठरवायला वेळ लागला नाही. अमरावतीला बायकांना मास्तरीण करणारी शाळा होती. तिथे जायचे.

मामंजींनी एकदाच उत्तर दिले, "आपल्या घरातली बाई सरकारची नोकरी करणार नाही." सासूबाई रोज बोलत. शेवटी त्यांनी उपाय काढला. "चाल अमरावतीले. देवीपुढं हातावर पानी घे आन हा नाद सोडून दे. मंग सुटल." एखाद्या गोष्टीवर पाणी सोडले म्हणजे ती सोडून दिली, असे आपण रोज बोलतो. सासूबाईंनी ते शब्दशः धरले होते. केस उतरवताना मला कोणी विचारले नव्हते, आता मनातले उतरवायला निघाले होते. अकोल्यापर्यंत बैलांच्या दमणीत आणि पुढे आगगाडीत मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही. देवीवरचा माझा राग त्यांच्यावरच्या रागाहून मोठा होता. सगळे घेऊन झाल्यावर हेही तिलाच हवे होते.

देवळात गर्दी होती. आमच्या मागे भातकुलीची एक शेतकरीण नातीच्या नवसाची ओटी घेऊन उभी होती. रांगेत तिने आम्हाला आपले सगळे घर सांगून टाकले होते. आमची पाळी आली. यजमान असताना संकल्प ते सोडत, मी त्यांच्या हाताला नुसता हात लावत असे. त्या दिवशी पहिल्यांदा पाणी माझ्या तळहातावर पडले. पुजाऱ्यांनी देश, काळ भराभर म्हटले आणि ते थांबले. "हं, काय करणार?"

"शाळेत जानार नाही म्हना," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, संकल्पाच्या शेवटी करिष्ये येतं. म्हणजे मी करीन. 'करणार नाही' म्हणून कसं चालेल? काय करणार ते सांगा, मागं लोक आहेत."

भिक्षुकाच्या घरात सासूबाईंनी जन्मभर करिष्येच ऐकले होते. सोडण्याचाही संकल्प शास्त्रात असेल. त्या घाईत तो पुजाऱ्यांना सुचला नाही, एवढेच मी सांगू शकते.

मागून ती भातकुलीची बाई म्हणाली, "अवं माय, बोल ना. पानी सारं सांडून राहिलं. देवीपुढं कायची लाज?"

पाणी खरेच बोटांतून गळत होते. मी देवीकडे पाहिले. मागायचे काही नव्हते. रागानेच म्हणाले, "इथे राहून शिकणार आणि मास्तरीण होणार."

पुजाऱ्यांनी ते संस्कृतात बसवले. "करिष्ये म्हणा." मी म्हटले. पाणी ताम्हनात पडले.

"मंग माह्या नातीलेबी शिकव," असे म्हणून ती बाई ओटी घेऊन पुढे सरकली.

बाहेर येऊन सासूबाई पायरीवर बसल्या. "मी आनलं कायले आन तू केलं काय."

"मी काय करू? करिष्येच म्हणा म्हणाले ते."

"आता मोडता येत नाही," त्या म्हणाल्या. माझ्यावर चिडल्या होत्या, पण हे त्या मला सांगत नव्हत्या, स्वतःलाच सांगत होत्या.

घरी मामंजी भडकले. सासूबाईंनी त्यांचे पुरते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "देवीपुढं पानी सोडलं तिनं. मोडाचं असन तर तुमीच जाऊन देवीले सांगा." जन्मभर लोकांकडून संकल्प सोडवून घेतलेला तो माणूस देवीला सांगायला काही गेला नाही. शाळा उघडली तेव्हा सासूबाईच मला अमरावतीला पोचवायला आल्या.

आता मी मुलींना शिकवते. शरण जाणे ज्याला म्हणतात ते मला त्या दिवशी जमले नव्हते. मी भांडायला उभी होते, आणि देवीने मला तशीच पदरात घेतले. यजमानांसाठी तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. दर्शनाला जाते तेव्हा तो आधी बोलून घेते, आणि मग नमस्कार करते.