अमरावती ते अकोला, पाटीला हात लावून

वामनराव गावंडे निवृत्त झाले आणि आमच्या कॉलनीची शांतता गेली. नोकरीत असताना हा माणूस चहासाठीसुद्धा खुर्चीवरून उठत नसे. निवृत्तीनंतर मात्र त्यांना एकदम काहीतरी करून दाखवायचं सुचलं. काय, ते महत्त्वाचं नव्हतं. हार, शाल, फोटो आणि फोटोखाली नाव, एवढं जमलं की झालं. पहिल्या वर्षी त्यांनी एका दिवसात एकशेआठ मारुतींचं दर्शन घेतलं. दर्शन म्हणजे स्कूटर चालूच, हेल्मेट डोक्यावरच, आणि रस्त्यावरूनच जोडलेले हात. काही मारुतींच्या वाट्याला एकच हात आला, कारण दुसरा ब्रेकवर होता.

माझा राजापेठेत फोटो स्टुडिओ आहे. कॅमेऱ्यापुढे तोंडं सजवणारी माणसं बघण्यात माझा जन्म गेला. पण स्वतःच्या तोंडावर इतकं प्रेम असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका सकाळी ते स्टुडिओत येऊन बसले.

"सुगतभाऊ, अमरावती ते अकोला, लाइनीवरचं हर एक स्टेशन. एकाच दिवसात. खाली उतराचं, पाटीले हात लावाचा, फोटो काढाचा. आजलोक कोनंच केलं नाही."

"पॅसेंजरमध्ये बसलेला प्रत्येक जण ही सगळी स्टेशनं करतो," मी म्हणालो.

"तो उतरत नाही ना. मी उतरनार हाओ."

फोटो काढायला त्यांना माणूस हवा होता. मी टाळत होतो, पण शेजारी आहेत, एक दिवस जाऊन या, असं घरून फर्मान निघालं. गेलो.

वामनरावांनी स्वतःचा फोटो छापलेला टी-शर्ट घातला होता. म्हणजे समोर बसलं की दोन वामनराव बघावे लागत. स्टेशनच्या नावाची पिवळी पाटी फलाटाच्या टोकाला असते म्हणून आम्ही अगदी शेवटच्या डब्यात चढलो. त्यांचा फोन माझ्या हातात. गाडी थांबली की त्यांनी पोट सांभाळत उतरायचं, धावत जाऊन पाटीला हात लावायचा, अंगठा वर करायचा, मी फोटो काढायचा, आणि गाडी हलायच्या आत दोघांनी परत चढायचं. लगेच तो फोटो व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपांवर.

अमरावती झालं, बडनेरा झालं. बडनेऱ्याला गाडी बदलली तेव्हा आमच्या डब्यात माणिकबाई नावाची भाजीवाली मिरच्यांची पाटी घेऊन बसली होती. टाकळीला वामनराव उतरले, चढले. कुरूमला उतरताना त्यांचा पाय लागून तिची पाटी कलंडली आणि मिरच्या डबाभर झाल्या. परत चढल्यावर ते म्हणाले, "बाई, सामान नीट ठेवत जा." आणि फोटो बघत बसले. बाकीच्या लोकांनी वाकून मिरच्या गोळा केल्या.

माणिकबाईने मला हळूच विचारलं, "भाऊ, हे काहून हर ठेसनावर उतरून राहिले? पोट बिघडलं का त्याईचं?"

"नाही. विक्रम करून राहिले."

"कायचा?"

"उतरायचा."

तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि वेचलेल्या मिरच्या पदराने पुसायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

पुढचं स्टेशन माना. तिथे वामनरावांची धाकटी बहीण मनकर्णा राहते, हे मला तोवर माहीत नव्हतं. माहीत व्हायचं कारणही नव्हतं, कारण त्यांनी तिचं नाव कधी घेतलंच नव्हतं. ग्रुपवरचे फोटो बघून तिच्या पुतणीने तिला सांगितलं होतं की तिचा भाऊ याच गाडीने येतोय. बिचारी फलाटाच्या मधोमध उभी होती, कारण माणसं साधारण तिथे उतरतात. हातात कापडी पिशवी.

गाडी थांबली. वामनराव उतरून पाटीकडे धावले. "दादा, ओ दादा," अशी हाक आली. चप्पल हातात घेऊन ती बाई अर्धा फलाट तुडवत आमच्याकडे येत होती. पन्नाशी उलटलेली असावी. धापा टाकत ती भावाजवळ पोचली आणि पिशवी पुढे करून म्हणाली, "पुरनाच्या पोया केल्या तुह्यासाठी. गरम हाय अजून."

वामनरावांचा हात पाटीवर होता. अंगठा वर होता.

"जरा बाजूले हो बरं मनू," ते म्हणाले. "पाटी झाकून राहिली तू."

ती बाजूला झाली. लगेच झाली, जणू चूक तिचीच होती. पिशवीसुद्धा पाठीमागे लपवली, फोटोत यायला नको म्हणून.

मी फोटो काढला. गार्डाची शिटी झाली. वामनराव डब्याकडे धावले, दांडा धरून चढले आणि ओरडले, "चला सुगतभाऊ." बहिणीला त्यांनी हात केला, बसस्टँडवर ओळखीच्या माणसाला करतात तसा.

मी चढलो नाही. ठरवून काही केलं असं नाही. त्या डब्यात पुन्हा त्या दोन वामनरावांसमोर बसायची मला किळस आली, एवढंच. गाडी हलली. दारातून ते हातवारे करत राहिले, आणि मला नव्हे, माझ्या हातातल्या फोनला बोलावताहेत हे लांबूनही कळत होतं.

"तुमची गाडी गेली ना भाऊ," मनकर्णाबाई घाबरून म्हणाल्या.

"जाऊ द्या. पोळ्या थंड होतील."

त्यांचं घर स्टेशनपासून जवळच होतं. त्यांनी मला तूप घालून पोळी वाढली, वर कटाची आमटी दिली. भावाची तक्रार एका शब्दाने केली नाही. "घाई असन त्याले," दोनदा म्हणाल्या. भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. मी विचारलं तेव्हा सांगितलं की मागच्या वर्षी गेले. "त्या दिवशी दादाचं ते मारुतीचं चालू होतं. सकायीच फोन केला होता आमी. मधात सोडलं असतं तं सारं वाया गेलं असतं म्हने. मंग सारे मारुती करून संध्याकाई आला. तोवर उरकलं होतं."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की भावाचं काहीतरी चुकलं हे त्यांच्या मनातच आलं नसावं.

तेवढ्यात माझ्या खिशातला वामनरावांचा फोन वाजला. अकोल्याहून तेच बोलत होते, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून. हार घेऊन आलेली चार माणसं आणि एक यूट्यूबवाला फलाटावर उभा होता म्हणे, आणि मानाच्या पुढच्या मांडुऱ्यापासून एकाही स्टेशनचा फोटो नव्हता.

"तुमी केलं काय हे? कुठी हाये तुमी?"

"तुमच्या बहिणीकडे. जेवतोय."

मला वाटलं, आता तरी विचारतील, मनू कशी आहे.

"फोन बंद नका करू," ते म्हणाले. "आतापर्यंतचे फोटो उडतीन."

मी काळीपिवळीने मूर्तिजापूरला आणि तिथून एसटीने अमरावतीला परतलो. फोन त्यांच्या बायकोच्या हातात दिला. दोन महिन्यांनी वामनरावांनी सगळं पुन्हा केलं, या वेळी फोटोला दुसऱ्या कुणालातरी धरून नेलं. विक्रम झाला. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर पाटीला टेकलेले दहा-बारा वामनराव. कॉलनीतल्या लोकांनी पेढे खाल्ले आणि अभिनंदन केलं. मनकर्णाबाईंना यावेळी कुणी कळवलं नव्हतं, असं त्याच मला फोनवर म्हणाल्या. नाहीतर स्टेशनवर गेले असते, म्हणाल्या.

परवा ते माझ्या स्टुडिओच्या दारात आले. राग विसरले होते, किंवा फोटोग्राफर मिळत नव्हता. आता एसटीचे बसस्टँड करायचे आहेत, दर्यापूर, चांदूर बाजार, धामणगाव, सगळे एका दिवसात.

"येता का?"

"नाही," मी म्हणालो, आणि आत जाऊन गिऱ्हाइकाचा पासपोर्ट फोटो कापायला बसलो.